काकूच्या फोटोला हार

"सीन झाला?" मी विचारलं.

"कधीच. साडेअकरालाच झाला," लोखंडे म्हणाले. "फुटेज मुंबईला गेलंसुद्धा. का हो?"

दुपारचे साडेतीन वाजले होते. चहासाठी माडीवरच्या खोलीतून मी खाली दिवाणखान्यात आलो होतो, आणि समोरच्या भिंतीवर माझी काकू होती. सोनेरी चौकट, काचेवर गंधाचा टिळा, चौकटीला चंदनाचा हार आणि पुढ्यात विजेवरची समई. माझी काकू त्या घटकेला कराडला आपल्या घरी जिवंत होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि इस्पितळातून घरी येऊन तिला नऊ दिवस झाले होते.

"हा फोटो कुठून काढलात?"

"स्टोअरमधनं. सकाळी तुम्हाला फोन केला नव्हता का मी? सीनमधल्या आईसाहेबांचा फोटो मुंबईहून आला नाही, जुन्या सामानात एका बाईचा आहे, तो लावू का म्हणून. तुम्ही म्हणालात, लावा हो, कोण बघतंय."

लोखंडे आमच्या मालिकेचं कलादिग्दर्शन सांभाळायचे. पन्नाशी उलटलेला, कामाला चोख माणूस. त्यांची चूक नव्हती. सकाळी सातला मी तिसऱ्या सीनचे संवाद टंकत होतो आणि त्यांचा फोन खांद्यात धरून खरोखरच तसं म्हणालो होतो.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मालिकेचं नाव होतं 'कासारआळी'. लिहिणारा मी, उमेश खुटाळे. शूटिंग साताऱ्याजवळच्या एका बंगल्यात चालायचं आणि आमच्या हाताशी एकही जादा भाग नसायचा. सकाळी लिहायचं, दुपारपर्यंत चित्रित करायचं, संध्याकाळी साडेसातला लोकांनी बघायचं. हातावर पोट असणारी मालिका म्हणा ना.

आता काकूबद्दल. मी नववीत असताना आईवडील गेले आणि शशीकाकूने मला कराडला आणलं. दोन वर्षांत काकाही गेले. आमचं बांगड्यांचं दुकान. काका गेल्यावर काही बायका काकूच्या हातून लग्नाचा चुडा भरून घ्यायला कचरू लागल्या. तोंडावर कुणी बोललं नाही, नुसत्या येईनाशा झाल्या. काकूने कुणाशी वाद घातला नाही. स्वतः गल्ल्यावर बसली आणि अरुणदादाला, म्हणजे तिच्या मुलाला, बांगड्या भरायला पुढे केलं. दादाचा हात जड. नवऱ्या मुली कळवळून ओरडायच्या. वर्षभरात त्याच बायका काकूसमोर हात पुढे करून बसल्या, "काकू, तुम्हीच भरा बाई." ती काही न बोलता भरायची.

मालिकेचे पहिले दीडशे भाग मी याच्यावर लिहिले. काकूने घर मोकळं करून दिलं. तासन्‌तास बोलली. बांगडी फुटली असं आमच्या घरात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. कंकण उतरवायचं असलं तरी शब्द जपून वापरतात. नायिका पहिल्याच भागात "फुटली" म्हणाली तेव्हा काकूने फोन करून मला झापलं होतं, आणि भाग परत लागायच्या आत आम्ही तो शब्द बदलून पुन्हा आवाज भरला होता. दुकानाच्या सेटवर लावायला तिने स्वतःचा तिशीतला फोटोही दिला, दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी स्टुडिओत काढलेला. महिन्याभरात परत आणतो म्हणून मी तो घेऊन गेलो आणि विसरलो.

पुढे काय झालं ते मालिका बघणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. दोनशेव्या भागाला चॅनेलने विचारलं, बांगड्या किती दिवस विकणार? मग दुकानाचा कारखाना झाला, कारखान्याची कंपनी झाली. कंपनीला लिफ्ट हवी म्हणून दुकानाचा सेट मोडला. मुलीला पळवून नेली. ती परत आली ती वेगळा चेहरा घेऊन, कारण त्या नटीने जास्त पैसे मागितले होते. मूळ आईला अमेरिकेला धाडली. अकराशेव्या भागापर्यंत त्या घरातलं एकही माणूस पहिल्या भागातलं उरलं नव्हतं. नायिकेची सासू मंदाकिनी दर आठवड्याला कुणाच्या तरी बांगड्या फोडत होती. आणि हे सगळं मीच लिहीत होतो.

मनाला खटकलं की मला एकच आधार असायचा. दर रविवारी मी काकूला फोन करायचो.

"बघितलंस का गं?"

"बघितलं की. त्या पोरीला पळवून न्यायला नको हुतं. पण असू दे. छान चाललंय."

चॅनेलच्या बैठकीत कुणी कुरकुर केली की मी छातीठोकपणे सांगायचो, ज्या घरावरून ही गोष्ट आली त्या घरातली बाई रोज बघते, तिला पटतं. वाद तिथंच मिटायचा.

आणि आज त्या बाईच्या फोटोला हार होता. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. मालिकेत तो फोटो मंदाकिनीच्या मेलेल्या वैरिणीचा, आईसाहेबांचा होता, आणि त्याच्यासमोर उभी राहून तिने काय म्हणायचं होतं ते मला तोंडपाठ होतं. "मेलीस ते बरं झालं. जिवंत असतीस तर या हातांनी गळा दाबला असता तुझा." सकाळी हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

मी मितालीला फोन लावला. मुंबईला चॅनेलमध्ये आमच्या मालिकेचं काम तीच बघायची.

"मिताली, आजच्या भागातला फोटोचा शॉट काढता येईल का?"

"कुठला? आईसाहेबांचा? उमेश, त्याच सीनवर प्रोमो कापलाय. पाचपासून दर अर्ध्या तासाला लागणार आहे."

"फोटो चुकून लागलाय. ती बाई जिवंत आहे."

"कोण बाई?"

"माझी काकू."

ती समजुतीने बोलली. "अरे, ओह. पण त्यांची परवानगी आहे ना? सुरुवातीला कागदावर सही घेतली होती आपण घरातल्यांची."

"प्रश्न सहीचा नाही. ती आजारी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका."

"मग आज बघू देऊ नका ना त्यांना," मिताली म्हणाली. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

बोलणं सोपं होतं. मी अरुणदादाचा मोबाइल लावला. वाजून वाजून बंद झाला. लग्नसराई होती, दुकानात गर्दी असली की तो फोन गल्ल्याच्या खणात टाकतो, कारण दोन्ही हात बायकांच्या मनगटात अडकलेले असतात. घरचा फोन लावला तर सतत गुंतलेला. मग आठवलं, काकूची झोपमोड होऊ नये म्हणून वर्षावहिनी दुपारी रिसीव्हर बाजूला काढून ठेवते. वहिनीचा मोबाइल बंद होता.

पाच वाजता मेकअपच्या खोलीत टीव्हीवर प्रोमो लागला. काकूचा चेहरा झर्रकन मोठा होत गेला. मी चॅनेल बदललं. बदलून काय उपयोग होता म्हणा.

कराडमध्ये माझ्या वर्गातला एक जण केबलचा धंदा करायचा. त्याला फोन केला. "आमच्या गल्लीची लाइन अर्धा तास बंद कर. साडेसात ते आठ. काय मागशील ते देतो."

तो खदाखदा हसला. "लेका, तुमच्या घरावर डिशची छत्री बसून तीन वर्षं झाली. मी आता पाण्याचे जार विकतोय."

सव्वापाचला मी गाडीत बसलो. दिग्दर्शक मागून ओरडत होता, उद्याचे सीन कुठे आहेत म्हणून. सातारा ते कराड तासा-सव्वा तासाचा रस्ता. त्या दिवशी उंब्रजच्या अलीकडे एक उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला होता आणि मी पाऊण तास एका जागी उभा होतो. तेवढ्या वेळात दादाला एकोणीस फोन केले. घरचा रिसीव्हर अजून बाजूलाच होता. मनात एकच चित्र यायचं. काकू साडेसातला टीव्हीसमोर बसलेली, रोजच्यासारखी, आणि पडद्यावर ती स्वतःच, हार घातलेली. ज्या घरात बांगडीलासुद्धा फुटली म्हणत नाहीत त्या घरात. तिला काही झालं असतं तर मी कुणाला काय सांगणार होतो? सकाळी घाईत होतो, असं? मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

घरी पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. चप्पल न काढताच आत गेलो.

काकू पलंगावर उशीला टेकून बसली होती. मांडीवर सूप घेऊन मेथी निवडत होती. टीव्ही बंद होता.

"कोण? उम्या? आलास व्हय?" तिने चष्मा वर केला. "असा अचानक कसा? आणि तोंड का असं उतरलंय? जेवलास का दुपारी?"

मी तिच्या पायाशी बसलो. टीव्ही बंद आहे, प्रोमो तिने बघितलेला नाही, एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आता फक्त आठपर्यंत निभावायचं होतं.

"तुला बघायला आलो. डोकं दुखतंय जरा. आज टीव्ही नको लावूया हं काकू."

"कोण लावतंय?" ती म्हणाली. "वर्षा, ह्याला चहा टाक गं. आलं घाल."

मला वाटलं, देव पावला. मी इस्पितळाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, शेजारच्या घरातल्या भांडणाचं विचारलं. काकू खुशीत बोलत होती. भिंतीवरचं घड्याळ सात पंचवीस दाखवत होतं. आणखी पस्तीस मिनिटं बोलत ठेवायचं, मग दादाला बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं ठरवलं. तेवढ्यात दादाच दारात उभा राहिला. मी आलोय हे त्याला गल्लीतूनच कळलं होतं, दुकान गड्यावर सोपवून तो आला होता.

"अरे लेका, एकोणीस मिसकॉल! मी म्हटलं काय झालं!" त्याने पाठीवर थाप मारली आणि मग टीव्हीकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम ओशाळला. "आई, हे काय? उमेश घरी आलाय, साडेसात वाजत आलेत आणि टीव्ही बंद? वर्षा, लाव की 'कासारआळी'."

"नको दादा," मी म्हणालो. "आज नको. दिवसभर तेच बघतोय मी."

"असं कसं? लेखक स्वतः घरात बसलाय आणि आम्ही बघायचं नाही?"

"खरंच नको. माझं डोकं दुखतंय."

"आवाज बारीक ठेवू," दादा म्हणाला.

काकूनेही सूप बाजूला ठेवलं. "लाव गं वर्षा. त्याला बरं वाटंल."

वहिनी रिमोट शोधायला लागली. तो कपाटावर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सापडला. तिने टीव्ही चालू केला, दोन-तीन चॅनेल पुढे गेली, दोन मागे आली, आणि हळूच दादाला विचारलं, "किती नंबरला असतंय वो?"

दादाने तिच्याकडे डोळे वटारले. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लावण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. उठून टीव्हीचा प्लग काढावा असं दोनदा मनात आलं. सगळ्यांदेखत ते केलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी बसून राहिलो. त्या बसण्याची मला आजही चीड येते.

शीर्षकगीत झालं. पहिल्या सीनमध्ये नायिका काचेच्या केबिनमध्ये बसून कुणाला तरी नोकरीवरून काढत होती.

"ही कोण?" काकूने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती नायिका दोन वर्षं मालिकेत होती.

"आई, ती हीच की, आपली..." वहिनी अडखळली. "नवी सून."

"नाव काय तिचं?"

कुणालाच सांगता आलं नाही. दादा खाली फरशीकडे बघत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हे लोक मालिका बघत नव्हते. आज नव्हे, कित्येक दिवस. मी आलो नसतो तर आजही टीव्ही बंदच राहिला असता आणि साडेसात ते आठ काकूने मेथी निवडली असती.

मी टीव्ही बंद करायला उठलो. पण दुसरा सीन सुरू झाला होता.

मंदाकिनी जिना उतरून आली. कॅमेरा तिच्या मागून वळला आणि भिंतीवर काकू दिसली. हार, टिळा, समई. "मेलीस ते बरं झालं," मंदाकिनी म्हणाली, आणि पुढचंही म्हणाली. काकूचा चेहरा तीनदा जवळून दाखवला. तिन्ही वेळा वीज कडाडली.

वहिनीच्या तोंडून "अगं बाई" निघालं. दादा ताडकन उभा राहिला.

"उम्या, हा काय चावटपणा आहे? आईच्या फोटोला हार? जिवंत माणसाच्या?"

"दादा, चुकून..."

"चुकून? तुझ्या सेटवर, तुझ्या मालिकेत चुकून?"

"मीच म्हणालो, लावा म्हणून. न बघता. फोनवर. कळल्यावर थांबवायला गेलो तर भाग गेला होता. म्हणून आलो धावत. तिने बघू नये म्हणून आलो."

काकू अजून टीव्हीकडेच बघत होती. मी तिचा श्वास बघत होतो, छातीवरचा पदर वरखाली होतोय ना ते बघत होतो. जाहिरात लागल्यावर तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"अरुण, ओरडू नको," ती म्हणाली. "बस खाली. तूही बस रं."

आम्ही दोघं बसलो.

"हीच का ती कासारआळी?"

"हो."

"यात कासार कुठं हाय?"



"काकू, कधीपासून बघत नाहीस?"

"तुम्ही दुकान मोडलं तवापासनं." ती अगदी साधेपणाने सांगत होती. "मला वाटलं, दोन-चार दिवसांनी परत उघडतील. वाट बघितली. मग म्हटलं, कशाला बसायचं डोळं फोडून?"

"दोन वर्षं झाली त्याला. आणि दर रविवारी मला काय सांगायचीस?"

ती वहिनीकडे बघून जराशी हसली. "वर्षा शनिवारी शेजारच्या मालूकडनं विचारून यायची आठवड्यात काय काय झालं ते. तेवढं मी पाठ करून ठेवायची. तू एकटा राबतोस तिकडं. आपल्या घरचं कुणीच बघत न्हाई म्हटल्यावर तुला कसं वाटलं असतं?"

छान चाललंय, या तिच्या दोन शब्दांवर मी दोन वर्षं किती माणसांना गप्प केलं होतं ते एकेक करून आठवलं. मुलीचं अपहरण, बदललेला चेहरा, विषाचा पेला. प्रत्येक वेळी मी तिचंच नाव पुढे केलं होतं. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडलो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, हमसून हमसून.

"गप. हार घातल्यानं कुणी मरतंय व्हय? झटका आला तवा मेले न्हाई."

"काकू, मी उद्या सकाळीच तो फोटो खाली काढतो. हार काढतो. भाग परत लागेल त्यात दुसरा फोटो घालायला लावतो. वाटलं तर गोष्ट फिरवतो, ती बाई मेलीच नव्हती असं दाखवतो."

"नको, नको," काकू घाईघाईने म्हणाली. माझा हातच धरला तिने. "तेवढं करू नको, बाबा. असू दे मला तिथं हारात. जिती केलीस तर पुन्यांदा कायतरी करायला लावशील मला."

मग तिने वहिनीला टीव्ही बंद करायला सांगितलं आणि मला जेवायला वाढायला.